टाळीनंतर काय? आपल्या चळवळीतील शब्दांचा वापर आणि गैरवापर

काही वर्षांपूर्वी एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून आपल्या वस्तीवर हल्ला झाला. गावाचे नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण तिथली माणसे अजून तिथेच राहतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कार्यकर्ते तिथे जायला लागलो. पहिल्या संध्याकाळी समाजमंदिरासमोर सभा झाली. दुसऱ्या संध्याकाळी मोठी सभा झाली. तिसऱ्या संध्याकाळी जिल्ह्याच्या गावाहून कवी आणि गायकही आले. भाषणे अशी झाली की अंगावर काटा यावा. आम्हीही बोललो. टाळ्या मिळाल्या, घोषणा झाल्या, मोबाईलवर व्हिडिओ फिरले.

सभा संपल्यावर हाताला प्लास्टर घातलेली एक मावशी जवळ आली आणि म्हणाली, "दादा, लई चांगलं बोलले तुमी. पर कोर्टात माझ्यासंगं कोण येणार हाय?"

त्या तीन संध्याकाळी आमच्यापैकी एकानेही तिचा जबाब नीट नोंदवला गेला की नाही हे पाहिले नव्हते. पंचनाम्यावर कुणाच्या सह्या आहेत, फिर्यादीत अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कोणती कलमे लागली, कोणती राहिली, वैद्यकीय अहवाल कुठे आहे, यातले आम्हाला काही माहीत नव्हते. पुढे तारखांवर तारखा पडल्या, साक्षीदार एकेक करून फिरले आणि प्रकरण विझले. आमचे व्हिडिओ मात्र अजून फिरत आहेत.

हा लेख त्या मावशीच्या प्रश्नातून आला आहे. आपल्या चळवळीने शब्दांवर मोठा विश्वास ठेवला आणि तो योग्यच होता. ज्या समाजाला हजारो वर्षे बोलू दिले नाही, त्याच्यासाठी बाबासाहेबांनी काढलेल्या पहिल्या वर्तमानपत्राचे नाव 'मूकनायक' असावे, यात सगळा इतिहास आला. पण बोलण्याचा हक्क मिळवणे वेगळे आणि बोलण्यालाच काम समजणे वेगळे. बाबासाहेबांच्या चळवळीत शब्द कसे वापरले गेले, विरोधकांनी ते आपल्याविरुद्ध कसे वापरले आणि आपण ते कुठे वाया घालवले, हे एकदा इतिहासात जाऊन तपासायला हवे.

महाड : पेटवणारे आणि आवरणारे शब्द

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळ्याचे पाणी आठवते, मनुस्मृतीची होळी आठवते. दोन्ही आठवायलाच हवे. पण महाडचा इतिहास पुन्हा वाचताना आमचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे गेले. तिथे शब्दाच्या आधी कागद होता आणि शब्दाच्या नंतरही कागद होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकार चालवत असलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला होता, प्रत्यक्षात ओंजळभर पाणी मिळत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने तो कागद जिवंत केला. २० तारखेला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. म्हणजे त्या दिवशीचे भाषण हवेत नव्हते. त्याच्या मागे कायद्याचा ठराव होता आणि पुढे चालणारे हजारो पाय होते.

मग दुसऱ्या बाजूने शब्द आला. अफवेचा शब्द. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी हूल गावात उठवली गेली. परिषदेत असा कोणताही कार्यक्रम नव्हता. पण तेवढ्या एका वाक्यावर जमाव लाठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवत असलेल्या, घरी परतायला निघालेल्या माणसांवर तुटून पडला.

त्या दिवशी आपल्या माणसांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी महार सैनिक होते. त्यांना फक्त एका इशाऱ्याची वाट होती. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. त्यांनी माणसांना आवरले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि प्रकरण कायद्याच्या दारात नेले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षा झाली.

डिसेंबरमध्ये परीक्षा आणखी कठीण होती. महाडमध्ये परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. माणसे सत्याग्रहाच्या तयारीने आली होती, तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. पण त्याआधीच सनातन्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून, तळे खाजगी आहे असे सांगत, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन लोकांशी बोलले.

अशा वेळी नेत्याने काय करावे? समोर हजारो माणसे पेटलेली आहेत. एक वाक्य टाकले की सगळे तळ्याकडे धावतील. टाळ्याच टाळ्या. दुसऱ्या दिवशी इतिहासात नाव. बाबासाहेबांनी सोपा मार्ग सोडला. आपले भांडण हक्क नाकारणाऱ्या सवर्णांशी आहे, ते सरकारशी आणि न्यायालयाशी ओढवून घेतले तर आपलाच पाय अडकेल, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव परिषदेत मांडला गेला आणि लोकांनी तो स्वीकारला. मग मिरवणूक निघाली, तळ्यापर्यंत गेली आणि पाण्याला हात न लावता परत आली.

आम्हाला विचाराल तर आपल्या चळवळीतील वक्तृत्वाचा सर्वांत मोठा क्षण हाच. पेटलेल्या माणसाला आणखी पेटवायला फार अक्कल लागत नाही. त्याला थांबवणे, थांबवताना त्याचा अपमान होऊ न देणे, आणि थांबण्याचा निर्णय त्याच्याच तोंडून वदवून घेणे, याला खरे वक्तृत्व लागते. तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. २० मार्च आपण दरवर्षी साजरा करतो. १७ मार्च आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, मुलींना शिकवा. बायांनी लगेच नेसण बदलली. बदलाचे ओझे बायकांच्याच अंगावर का, असा प्रश्न आज स्त्रीवादी अभ्यासक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. पण या बोलण्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहता येत होता, हेही तितकेच खरे. भाषण किती चांगले झाले, हे टाळ्यांवरून मोजायची गरज तिथे पडली नाही.

गोड शब्द, गर्वाचा शब्द, भीतीचा शब्द

शब्दांचा गैरवापर फक्त शिवीगाळीतून होतो असे कुणाला वाटत असेल तर त्याने 'हरिजन' या शब्दाचा इतिहास पाहावा. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर गांधीजींनी हा शब्द देशभर चालवला. हरिजन सेवक संघ निघाला, फेब्रुवारी १९३३ मध्ये 'हरिजन' साप्ताहिक निघाले. शब्द गोड. देवाची माणसे! पण समाजशास्त्राच्या नजरेने पाहा. 'अस्पृश्य' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणी अस्पृश्य केले? 'बहिष्कृत' म्हटले की प्रश्न येतो, कुणी बहिष्कार घातला? 'हरिजन' म्हटल्यावर असा कोणताच प्रश्न येत नाही. करणारा गायब होतो. गुन्हा गायब होतो. उरते फक्त दया. त्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला गेला तेव्हा त्यांनी गोडवा पाठवला नाही. जातीव्यवस्था आहे तोवर जातीबाहेरचे राहणारच, हे मूळ कारण त्यांनी पुढे ठेवले.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले. त्यात आपल्या लोकांना 'हरिजन' म्हणण्याची तरतूद होती. दादासाहेब गायकवाड यांनी आक्षेप घेतला. ज्यांना हे नाव द्यायचे आहे त्यांना ते नको आहे, तर त्यांचे म्हणणे मोजा, एवढीच मागणी होती. काँग्रेसच्या बहुमताने ती फेटाळली. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! कुणाला तो आततायीपणा वाटेल. पण आपले नाव काय असावे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती गेला, की पुढचे सगळे हक्क त्याच्या मेहेरबानीवर येतात.

दुसरा शब्द गर्वाचा. 'अस्मिता'. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याला विरोध करताना कुणीही उघडपणे म्हणाले नाही की आम्हाला बाबासाहेबांचे नाव नको. म्हटले गेले की मराठवाड्याची अस्मिता धोक्यात आहे. अस्मितेच्या नावाखाली ज्यांची घरे जळली ते बहुतेक शेतमजूर होते, विद्यापीठाची पायरीही न चढलेले. मराठवाड्यातील आमची घरे, आमची माणसे, आमचे मोडके संसार मराठवाड्याच्या अस्मितेत बसत नव्हते का? सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी जे झाले त्यालाही शब्द शोधला गेला, 'नामविस्तार'. नामांतर म्हणायचे नाही. एवढ्या एका शब्दात ठरावापासून मागे सरकलेल्या सत्तेचा सगळा हिशेब आहे.

तिसरा शब्द भीतीचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे गेली. लगेच एक शब्द पुढे आला, 'टँकर'. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. महाडच्या वीरेश्वराची हूल आणि घाटकोपरचा टँकर यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे, पण घडण एकच आहे. हे लोक आता काहीतरी भयंकर करणार होते, असे आधी सांगायचे आणि त्यांच्यावर केलेला हल्ला त्या भीतीत लपवायचा.

ही टँकरची कथा कशाने मोडली? आपण गावोगावी केलेल्या भाषणांनी लोक रस्त्यावर आले, सरकारवर दबाव आला, हे खरे. पण कथा मोडली ती न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे साक्ष देणाऱ्या वस्तीतल्या माणसांनी. टँकर कुठे होते, गोळीबार कुठे झाला, अंतर किती, वेळ कोणती, हे एकेक करून तपासले गेले. आयोगाने गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जबाबदार पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढे अपील झाले, जामीनही मिळाला, न्याय पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. पण खोटा शब्द खोटा ठरला. तो ठरवायला मोठ्या आवाजापेक्षा अंतराचा आणि वेळेचा हिशेब जास्त उपयोगी पडला.

जलसा : गाण्याच्या मागे असलेले काम

आता कवितेकडे येऊ. आपल्या चळवळीचा अर्धा इतिहास गाण्यात आहे. हा इतिहास पुस्तकांत उशिरा आला. आधी तो डफावर, ढोलकीवर आणि आज्यांच्या ओव्यांमध्ये आला.

आंबेडकरी जलसा सत्यशोधक जलशाच्या वाटेने आला. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. गण, गौळण, बतावणी, वग. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तो साचा घेतला आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी माणसाचे आणि विचाराचे स्तवन आले. बाईची टिंगल करणाऱ्या विनोदाच्या जागी सावकार, भट, पाटील यांची फजिती आली. मेलेले ढोर ओढू नका, दारू सोडा, मरीआईच्या नावाने कर्ज काढू नका, पोराला शाळेत घाला, उद्याच्या सभेला या. दिवसभर राबून आलेला माणूस हसत हसत हे ऐकायचा आणि घरी जाताना काहीतरी ठरवून जायचा. बाबासाहेबांनी कर्डकांच्या एका जलशाची बरोबरी आपल्या अनेक सभांशी केली होती, असे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

या जलशांतही अतिशयोक्ती होती, यमकाची ओढ होती, टाळीची वाक्ये होती. त्यात वाईट काही नाही. लोकांपुढे उभे राहायचे तर लोकांना धरून ठेवता आले पाहिजे. पण टाळीच्या वाक्यानंतर जलसा कामाकडे वळायचा. वामनदादा कर्डकांकडे पाहा. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेला हा कामगार माणूस पुढे गावोगाव फिरत हजारो गाणी गात राहिला. ती गाणी टिकली, कारण ती ऐकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टींशी बांधलेली होती.

मग १९७२ आले. दलित पँथर आली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. त्या लेखावर महाराष्ट्र खवळला. राष्ट्रध्वजाचा अपमान झाला म्हणून ओरड झाली. त्या लेखातला युक्तिवाद काय होता? परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रीची विटंबना झाली, तिच्या अब्रूसाठी दंड ५० रुपये. ध्वजाच्या अपमानासाठी दंड ३०० रुपये. दोन रकमा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांच्या भाषेवर वाद घाला, तो घालायला हरकत नाही. पण महिनोन्‌महिने चर्चा भाषेवर झाली आणि ब्राह्मणगाव बाजूला पडले. प्रस्थापितांची ही जुनी खेळी आहे. जखमेवर बोलायचे नसेल तर किंकाळीच्या सुरावर बोलायचे.

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता. पुढचा दोष आपला आहे. दोन-अडीच वर्षांतच पँथर फुटली. फूट पडताना एकमेकांवर काय फेकले गेले? शिक्के. हा मार्क्सवादी, तो फक्त बुद्धवादी. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीने वस्ती होरपळली होती, भागवत जाधव मोर्चात मारला गेला होता. त्याच वर्षी आपण कोण खरा आणि कोण खोटा आंबेडकरवादी, याच्या जाहीर सभा घेत होतो. वैचारिक मतभेद खरे होते, ते मांडायलाच हवे होते. पण मतभेद मांडायला युक्तिवाद लागतो, शिक्का मारायला काहीच लागत नाही. ज्या धारदार शब्दांनी व्यवस्था हादरली त्याच शब्दांनी आपण आपलेच घर कापले.

आपण काय करतो आहोत

आज आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही. दर एप्रिलमध्ये हजारो व्याख्याने होतात. कविसंमेलने होतात. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावाने वाक्ये येतात. त्यातली कितीतरी बाबासाहेबांची नाहीतच. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड १९७९ पासून काढले, मराठी भाषणे अठराव्या खंडात तीन भागांत आहेत. घरात फोटो आहे, खंड नाही. मग कुणीही कोणतेही वाक्य बाबासाहेबांच्या तोंडी घालतो आणि आपण 'जयभीम' लिहून पुढे पाठवतो. उद्या विरोधक हेच करतील तेव्हा खरे-खोटे कशाने ठरवणार?

आपली सर्वांत आवडती घोषणा घ्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत दिलेल्या संदेशाचा इंग्रजीतला क्रम वेगळा आहे. आधी शिक्षण, मग चेतवणे, ढवळून काढणे, आणि शेवटी संघटन. म्हणजे शिकलेल्याने आधी मने ढवळायची आणि त्या ढवळण्यातून टिकाऊ संघटन उभे करायचे. मराठी घोषणेत संघर्ष शेवटी गेला, यमकही जुळले. घोषणा चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही, तिने पिढ्या उभ्या केल्या. पण आपण क्रमाचा विचार केला का? आपल्या सभा ढवळण्यापर्यंत येतात आणि संघटनाच्या आधीच संपतात.

दुसरे दुखणे भक्तीचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याआधी, जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी नायकपूजेवर आणि नायकांचे ढोल वाजवणाऱ्या वर्तमानपत्रांवर कठोर टीका केली होती. हे सांगणाऱ्या माणसालाच आपण भक्तीचा विषय केला. आजच्या किती गाण्यांत बाबासाहेबांचा सूट आहे, गाडी आहे, रुबाब आहे? आणि किती गाण्यांत 'जातिप्रथेचे विध्वंसन' आहे, सावकारी आहे, आज गावात बंद पडत चाललेली जिल्हा परिषदेची शाळा आहे? रुबाबाचे गाणे नको असे नाही. ज्याला अंगभर कपडा घालू दिला नाही त्याच्या पोराला बाबासाहेबांच्या सुटाचा अभिमान वाटणारच. तो अभिमान वाटून झाल्यावर पोरगा काय करतो, एवढेच आम्ही विचारतो.

काही मित्र म्हणतील, तुम्ही भावना मारायला निघालात. भाषण नसते तर वस्ती उठली असती का? अन्याय झालेल्या माणसाला आधी धीर लागतो, कलम नंतर. हे म्हणणे खरे आहे. त्या गावात आमच्या सभांनी लोकांचे भय थोडे तरी कमी झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण धीर दिल्यानंतर आम्ही गाडीत बसलो. धीराच्या भरवशावर फिर्याद द्यायला उभा राहिलेला माणूस एकटा पडला. ज्याला उभे राहायला सांगितले त्याच्या शेजारी उभे न राहणे, हा शब्दांचा सगळ्यात वाईट गैरवापर आहे. तो आपण करतो. तो आम्ही केला.

बाबासाहेबांच्या बोलण्याची रीत पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या परिषदेत धर्मांतर का, कसे, त्याने काय मिळेल, काय मिळणार नाही, याचा पूर्ण युक्तिवाद लोकांपुढे ठेवला. त्यानंतर अभ्यास, ग्रंथ, संस्था, चर्चा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते वाक्य पूर्ण झाले. एका वाक्याची जबाबदारी त्यांनी एकवीस वर्षे वाहिली.

आणि नागपुरात त्यांनी लोकांना जे दिले ते भाषण नव्हतेच. त्या बावीस प्रतिज्ञा होत्या. प्रतिज्ञेचे व्याकरण बघा. भाषणात एक बोलतो आणि लाखो ऐकतात. प्रतिज्ञेत प्रत्येकजण 'मी' म्हणतो. बोलणारा आणि ऐकणारा एकच माणूस होतो, आणि बोललेले पाळायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. सार्वजनिक शब्दाचा याहून प्रामाणिक प्रकार आम्हाला माहीत नाही. आपल्या घराघरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. त्या म्हणताना आपण 'मी' म्हणतो की नुसतेच चालीत वाचतो, हे ज्याने त्याने बघावे.

म्हणून तरुण मित्रांना, मैत्रिणींना आमचे सांगणे थोडकेच आहे. भाषणे करा, कविता करा, रॅप करा, भीमगीते गा. पण प्रत्येक सभेच्या शेवटी एक वही उघडा. फिर्यादीची प्रत कुणाकडे आहे, तपास अधिकारी कोण, पुढची तारीख कोणती, साक्षीदाराबरोबर कोण जाणार, नाव आणि फोन नंबर लिहा. दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हायला हवे, हा नियम आहे. साठाव्या दिवशी विशेष सरकारी वकिलाला विचारायला कोण जाईल, तेही लिहा. मंचावर बोलणाऱ्यांत निदान एकाचे नाव त्या वहीत असलेच पाहिजे. ज्याचे नाव वहीत नाही त्याचे भाषण नंतर ठेवा, वेळ उरला तर.

त्या मावशीकडे आम्ही नंतर गेलो होतो. हात बरा झाला होता, पण वाकडा जुळला होता. तिने चहा दिला, लेकरांची विचारपूस केली, तक्रार केली नाही. निघताना मात्र तिने विचारले, "औंदा जयंतीला येणार का भाषणाला?"

आम्ही सांगितले, येऊ. पण त्याआधी शेजारच्या वाडीतल्या प्रकरणाची तारीख आहे, तिथे जायचे आहे. ती म्हणाली, "मंग आधी तिकडं जा."

जयभीम.